चकतीवरचा अंगठा

३ जून

मॅडम,

पत्रास कारण काही विशेष नाही, असं लिहिणार होतो. आजवरच्या सगळ्या पत्रांत तेच लिहीत आलो, पण या खेपेला विशेष आहे. आणि ‘मॅडम’ लिहिलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तुला नावानं हाक मारायला मला जमलं नाही. पहिल्यांदा तू तिसऱ्या मजल्यावरून खाली काचकामाच्या खोलीत आलीस तेव्हा सगळे तुला मॅडम म्हणत होते, मीही म्हणालो, आणि जीभ तिथेच अडकली.

फोन करणार होतो, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. दर रविवारी आईच्या फोनवर तुझा फोन येतो. आई तो घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून घेते. अर्ध्या तासानं बाहेर येते आणि “बरी आहे” एवढंच सांगते. काल मी विचारलं, “बरी म्हणजे कशी?” तर म्हणाली, “तुझ्याशिवाय बरी.” ही माझी आई बरं का, तुझी नव्हे!

तरी थोडंथोडं झिरपतं. तू शाळेत नववी-दहावीला शिकवतेस, खोली मैदानाच्या बाजूला आहे, तिथला आरडाओरडा ऐकून डोकं दुखतं, हे मला माहीत आहे. प्रयोगशाळेच्या किल्ल्या तू घेत नाहीस, प्रयोग दुसरे मास्तर करून दाखवतात, हेही कळलं. ते ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता कारण. वरच्या तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांनी जुनी कपाटं रिकामी करायला काढली आहेत. गेल्या आठवड्यात भंगाराची एक पेटी माझ्याकडे आली. फुटकी चंचुपात्रं, वाकडे स्टँड, आणि अगदी तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, तुझी नळी. तुझ्या अक्षरातलं लेबल अजून आहे, ‘जस्त, क्रमांक चार’. काच शाबूत. भंगारातली काच फोडून डब्यात टाकायची हा आमचा नियम. मी ती फोडली नाही, माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. एवढंच कळवायचं होतं.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी राग नाही. म्हणजे राग येईल, पण मी तो गिळीन.

तुझा,
काचवाला

११ जून

मॅडम,

पत्र मिळालंय हे मला कळलं. रविवारी मी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून उभा होतो. लाज केव्हाच सोडली आहे. तू काय बोललीस ते ऐकू आलं नाही, पण आई म्हणाली, “वाचलंस ना? मग झालं. लिहू दे त्याला. तेवढाच घरात गप्प बसतो.” म्हणजे परवानगी मिळाली असं मी समजतो.

नळी रोज बाहेर काढून बघतो. बघितली की तू पहिल्यांदा असल्या नळीचं काम समजावून सांगितलंस तो दिवस आठवतो. मी दहावी झालेला माणूस, बर्नरवर काच फिरवण्यात उभा जन्म गेलेला. मी विचारलं होतं, “मॅडम, खिडकी क्वार्ट्जचीच कशाला? साध्या काचेत काय वाईट आहे?” बाकीचे लोक मापं लिहिलेला कागद टेकवून चालू लागायचे. तू स्टूल ओढून बसलीस. म्हणालीस, धातूवर उजेड पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, पण कुठल्याही उजेडानं नाही. जस्ताला जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड लागतो, आणि साधी काच नेमका तोच अडवते, क्वार्ट्ज तो आत येऊ देतं.

मी म्हणालो, “मग लाल दिवाच चांगला ढणढणीत लावा की.” तू हसलीस. तसं हसू मी घरात फार दिवस ऐकलेलं नाही. म्हणालीस, “लाल दिवा सूर्याएवढा आणलात तरी जस्त ढिम्म हलणार नाही. उजेड पुड्यापुड्यांनी येतो. एका इलेक्ट्रॉनला एक पुडा. पुडा पुरेसा मोठा असला तर तो सुटतो, नसला तर नाही. लहान पुडे लाख आले तरी त्याला ते साठवता येत नाहीत.” मी विचारलं, “दिवा मोठा केला तर?” “पुडे वाढतात. पुडा मोठा होत नाही.” मी त्या दिवशी संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, “कोण गं बाई ही, जिनं तुला ऐकायला शिकवलं?” तिथून आपलं लग्न ठरलं असं ती अजून सांगत फिरते.

आज मला वेगळंच लिहायचं होतं. ते सात महिने. तू पाच तऱ्हांचा उजेड एकेक करून नळीतल्या जस्ताच्या चकतीवर टाकायचीस, उडालेल्या इलेक्ट्रॉनना उलटा विजेचा दाब लावून थांबवायचीस, आणि किती दाबाला थांबले ते लिहायचीस. कागदावर पाच ठिपके एका सरळ रेषेत यायला हवे होते. ते कधीच आले नाहीत. सोमवारचे बुधवारला जुळायचे नाहीत. तू रात्रंदिवस तारा तपासल्यास, दिवा बदललास, मीटर बदललास. शेवटी सर म्हणाले, “तुमच्या हाताला शिस्त नाही,” आणि काम बंद केलं. तू घरी येऊन महिनाभर खिडकीशी बसून राहिलीस.

आणि मग मी ते बोललो. “जाऊ दे गं, नाहीतरी तुझ्या हातून ते होणार नव्हतंच.” दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो की एका वाक्यावरून बायको गेली. लोक माझ्या बाजूनं बोलायचे आणि मी बोलू द्यायचो.

त्या नळीत काही दोष असावा असं मला वाटतं. बघतो.

तुझा,
काचवाला

१९ जून

मॅडम,

नळी उघडली. मानेपाशी कापून चकती बाहेर काढली आणि खिडकीपाशी तिरकी धरली. सरळ बघितलं तर काही दिसत नाही. तिरकं धरलं की दिसतं. वरच्या कडेला, डावीकडे, एक अंगठा उमटला आहे. मधून आडवी रेघ गेलेली. तशी रेघ असलेला अंगठा या इमारतीत एकाचाच आहे. बर्नरवर पहिल्याच वर्षी भाजला होता तो.

म्हणजे तुझे ठिपके जागेवर का राहत नव्हते ते कळलं. बोटाचं तेल चकतीवर होतं. तुझा दिवा लागला, नळी गरम झाली की ते पसरायचं, सरकायचं. आज चकती वेगळी, उद्या वेगळी. जस्त मोजतेय असं तुला वाटत होतं आणि तू माझा अंगठा मोजत होतीस.

घाईत झालं असणार. हातमोज्याचा दोरा चकतीच्या तारेत अडकला, मोजा काढला, चकती कलंडली, मी अंगठ्यानं सावरली. असं होतं. चकतीला उघडा हात लावायचा नाही, हे तू माझ्या टेबलासमोर भिंतीवर लिहून लावलं होतंस, ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण काम करताना होतं एखादे वेळी.

तुझा हात चुकला नव्हता, एवढं मात्र पक्कं. ते लगेच कळवावं म्हणून हे लिहिलं.

काचवाला

२ जुलै

मॅडम,

मागचं पत्र टाकून आलो आणि तेव्हापासून मला स्वतःची किळस येते आहे. आईनं परवा विचारलं, “पोटात दुखतंय का तुझ्या?” मी हो म्हणालो. तिनं ओवा दिला. मी निमूटपणे खाल्ला.

आधी चांगली बातमी. मी नवी नळी केली. तीच मापं, तीच क्वार्ट्जची खिडकी, नवी जस्ताची चकती, या खेपेला चिमट्यानं बसवलेली. वर सध्या एक नवीन मुलगी आली आहे, जाड चष्म्याची. तिला मी तुझी वही दिली. हो, तुझी वही माझ्याकडे होती, तू टाकून गेलेलीस. तिला म्हटलं, यात लिहिलंय तसंच कर, एक अक्षर इकडचं तिकडं नको. तिनं चार दिवस घेतले. काल धावत खाली आली आणि कागद माझ्यासमोर आपटला. पाच ठिपके, पट्टी लावून मारावेत तसे. मला म्हणते, “काका, ही वही कुणाची? यांना भेटायचंय मला.” मी सांगितलं, माझ्या बायकोची. ती म्हणाली, “मग त्या कुठे आहेत?” मी बर्नर पेटवला आणि काहीतरी गरम करत बसलो.

आता वाईट बातमी. तू बस आणि वाच.

घाईत झालं नव्हतं. मोजा अडकला होता, अंगठा लागला होता, इथपर्यंत खरं. पण तो लागला त्याच क्षणी मला दिसला होता. काच अजून बंद झालेली नव्हती. चकती काढायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा बसवायची, तीन दिवसांचं काम होतं. मी आजवर असं शंभरदा केलंय, कुणाच्याही नळीसाठी.

त्याच दुपारी तू पत्र हातात नाचवत खाली आली होतीस. त्या लांबच्या संस्थेनं तुला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, मोजमापं वर्षाअखेर पुरी झाली तर. तू माझ्या टेबलावर चढून बसलीस, पाय हलवत होतीस, मी “काच आहे, उतर” म्हणून ओरडलो. तू म्हणालीस, “दोनच वर्षं, अहो, बघता बघता जातील.” मी म्हणालो, “अरे वा!” तू वर गेलीस. मी चकतीकडे बघितलं. मनात म्हणालो, नळी भट्टीत भाजताना बोटाचं तेल जळून जाईल. ते जळत नाही हे मला माहीत होतं. मग मी ज्योत मोठी केली आणि काच बंद केली.

एवढंच आहे. तू जाऊ नयेस म्हणून. मला तुझ्याशिवाय त्या घरात दोन वर्षं काढता येणार नाहीत असं वाटलं. बघ, आता तेवढीच काढली आहेत.

मग सात महिने मी तुला रोज चहा करून दिला आणि “होईल गं, होईल” म्हणत राहिलो. तू रडलीस तेव्हा पाठीवर हात फिरवला. तोच हात. रोज वाटायचं, आज सांगू. रोज शेपूट घातली. आणि शेवटी तुझ्या हातून होणार नव्हतं असं तुला तोंडावर म्हणालो, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं, आणि तू ते मान्य केलंस की मला सुटल्यासारखं वाटणार होतं. तसं वाटलं नाही.

दोन वर्षं मी तुला पत्रं लिहितोय. तब्येत कशी, जेवलीस का, इकडे सगळं ठीक, पंख्याचा आवाज अजून येतो. शंभर तरी लिहिली असतील, त्यातली निम्मी टाकलीसुद्धा नाहीत. वाटायचं, साठत जाईल आणि एक दिवस तुझं मन हलेल. तूच सांगितलेलं, लहान पुडे साठत नाहीत. मला ते तेव्हा कळलं होतं, फक्त पटलं नव्हतं.

आज सकाळी मी वर जाऊन सरांना सगळं सांगितलं. अंगठ्याची चकती त्यांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती उजेडात तिरकी धरून बघितली. मग म्हणाले, “तुम्ही माझं आणि तुमच्या बायकोचं काय केलंत ते तुम्हाला कळतंय का?” मी म्हणालो, कळतंय. “तिला पत्र मी लिहीन,” ते म्हणाले. “माफी मलाही मागायची आहे. मी नळी एकदाही तपासली नाही, तिच्या हातालाच दोष दिला.” मला नोकरीवरून काढा म्हणालो. त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. तुझी जागा तुला परत देतो म्हणाले आहेत. त्या लांबच्या संस्थेलाही लिहिणार आहेत.

हे वाचून तू मला सोडणार. तसं सोडलंच आहेस, पण आता कारणासह सोडशील. मला ते कळतं. तरीसुद्धा मला तू हवी आहेस, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी जिन्यावर तुझी पावलं वाजली असं रोज वाटतं, आणि रोज वरच्या मजल्यावरचे कुणीतरी असतात.

काचवाला

२१ जुलै

मॅडम,

तीन रविवार झाले, फोन नाही. आई फोन हातात घेऊन बसते आणि माझ्याकडे बघते. शेवटी तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, आणि माझ्यासमोरचं ताट उचलून आत घेऊन गेली. मग थोड्या वेळानं परत आणून ठेवलं. म्हणाली, “जेव. पण माझ्याशी बोलू नकोस.”

तिला तरी फोन कर. तिचा काही दोष नाही.

२६ ऑगस्ट

मॅडम,

दोन मजले वर पत्र पाठवायचं म्हणजे गंमतच. पण समोर बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

तू आलीस हे मला चष्मेवालीकडून कळलं. तू वसतिगृहात खोली घेतलीस, तुझं टेबल तुला परत मिळालं, हेही तिनंच सांगितलं. आठवडाभर मी जिन्यानं चढणं-उतरणं टाळलं. काल शिपायानं छापील चिठ्ठी आणून दिली. ‘काचकाम विभाग यांस. नळी एक, क्वार्ट्जची खिडकी, जस्ताची चकती. चकती बसवताना मी स्वतः हजर राहीन.’ खाली तुझी सही. मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेल हे विचारू नकोस.

आणि आज तू आलीस. थोडी वाळली आहेस. केस कापलेस ते छान दिसतात, हे तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. तू हातमोजे घातलेस आणि म्हणालीस, “चकती मी बसवते. तुम्ही फक्त काच बंद करा.” मी बाजूला झालो. काय बसवलीस गं! एकदा, न हलता, न चाचपता. बावीस वर्षं हे काम करतोय, माझी अशी बसत नाही. आणि या हातांना शिस्त नाही असं तुला दोन वर्षं वाटत राहिलं. मला तिथेच रडू आलं, पण ज्योत पेटलेली होती आणि काच वितळायला लागली होती, मग नाही रडलो.

चाळीस मिनिटं तू टेबलापलीकडे उभी होतीस. इतका वेळ तू माझ्याजवळ असावंस म्हणून मी काय काय कबूल केलं असतं. पण तू माझ्या हातांकडेच बघत होतीस. मनगटाच्या वर एकदाही तुझी नजर आली नाही. मला ते समजतं. मीही तसंच बघितलं असतं.

जाताना तू म्हणालीस, “आईंना सांगा, रविवारी येईन.” मी म्हणालो, “मी रविवारी बाहेर जाईन कुठेतरी.” तू क्षणभर थांबलीस. मला वाटलं, नको म्हणशील. तू “बरं” म्हणालीस आणि गेलीस.

सरांनी सांगितलं, ही मोजमापं झाली की त्या संस्थेत तुझी जागा नक्की आहे. दोन वर्षं. मी या खेपेलाही “अरे वा” म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. निदान निम्म्या मनापासून.

आता नळीबद्दल. आतली हवा काढायला पंपावर ठेवतोय, दोन दिवस राहील. मग भट्टीत भाजून, जोड तपासून शिपायाबरोबर वर पाठवीन, तुला खाली यायची गरज नाही. तार काचेतून बाहेर येते तिथे नळ्या हमखास जातात. तिथे एखादी केसाएवढी भेग ठेवायची तर मला डोळे मिटूनही जमलं असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तू पुन्हा चिठ्ठी पाठवून इथे उभी राहिली असतीस. हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. चांगलं दोनदा आलं. मी तिथली काच दुप्पट जाड केली आहे, मॅडम. ही नळी दहा वर्षं तरी जाणार नाही. तुला माझ्याकडे परत यावं लागेल असं त्यात काहीही राहिलेलं नाही.

काचवाला